नगरपालिकेच्या हद्दीत ग्रामसभा का नाही? वस्तीच्या कारभाराविषयी थोडं सविस्तर

रत्नागिरी शहरातून कोल्हापूर रस्त्याने निघालं की थोड्याच वेळात कुवारबाव लागतं. नगरपरिषदेची हद्द कुठे संपली आणि ग्रामपंचायत कुठे सुरू झाली, हे गाडीतून जाणाऱ्याला कळतही नाही. दुकानं सलग, इमारती सलग, पावसाळ्यात रस्त्यावर येणारं पाणीही सलग. फरक कायद्यात आहे, आणि तो फार मोठा आहे.

हद्दीपलीकडच्या मतदाराला ग्रामसभा आहे. महाराष्ट्रात ती वर्षातून किमान चार वेळा भरवावी लागते. गणपूर्तीला, म्हणजे सभा वैध ठरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतला कमी असेल तो आकडा पुरतो. पंचायतीचा जमाखर्च तिच्यासमोर ठेवावा लागतो, योजनांचे लाभार्थी तिथे ठरतात, आणि तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. प्रत्यक्षात किती ग्रामसभा अशा रीतीने होतात, यावर कोणीही गावकरी तासभर बोलेल. पण उभं राहून सरपंचाला जाब विचारायचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि सभा टाळली तर तक्रार करायला जागा आहे.

हद्दीच्या अलीकडे, नगरपरिषदेच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला असा एकही दिवस नाही. तिला पाच वर्षांतून एकदा मत आहे. मधल्या काळात तेही नव्हतं. कोकणातल्या अनेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात राहिला, आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात गटार तुंबलं तर नगरसेवक नावाचा माणूसच अस्तित्वात नव्हता. तरीही वस्त्या चालत होत्या. पाणी भरलं जात होतं, आगोटीच्या, म्हणजे पावसाळा सुरू होण्याच्या, आधी व्हाळ म्हणजे ओढा उपसला जात होता, मयताला खांदा मिळत होता. हे कोण चालवत होतं, कोणत्या अधिकाराने, आणि त्याला लोकशाही म्हणायचं का, हे समजून घेऊ.

पाण्याची वही

खाडीकाठच्या एका वस्तीतली पाण्याची वही मी पाहिली आहे. लांबट, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीला वापरतात तशी. वस्तीत बोअरवेलवर एक सामायिक मोटर होती. तिचं वीजबिल घराघरांत वाटून घ्यायचं आणि दुरुस्तीला थोडे पैसे शिल्लक ठेवायचे, एवढाच व्यवहार. डाव्या बाजूला घरांची नावं, पुढे महिन्यांचे रकाने. रकान्यांत नुसत्या बरोबरच्या खुणा नव्हत्या. एका जागी ‘आजारी, माफ’ लिहिलं होतं. दुसऱ्या जागी ‘बोट आली की देणार’. एका नावापुढे तीन महिने रिकामे होते आणि चौथ्या महिन्यात ‘अर्धे दिले, अर्धे शिमग्याला’.

वही सांभाळणाऱ्या बाईंची शाळा लवकर सुटली होती. पण कोणाला किती सूट द्यायची हे त्या एकट्या ठरवत नसत. महिन्यातून एकदा नळाजवळच्या पायरीवर बायका बसत, वही मोठ्याने वाचली जाई, आणि ‘माफ’ हा शब्द तिथेच, सगळ्यांसमोर लिहिला जाई. एकदा वाद झाला तो भाड्याच्या खोल्यांवरून. एका मालकाने बोटीवरच्या खलाशांना खोली दिली होती. खोली एक, माणसं आठ. पैसे एका घराचे आणि पाणी आठ जणांचं, हे शेजाऱ्यांना पटेना. मालक म्हणाला, घर एकच आहे. दोन बैठका वाद चालला. शेवटी ठरलं की भाड्याच्या खोलीचे पैसे डोक्यावर लावायचे आणि ते मालकाने द्यायचे, खलाशांकडून वसूल करायचे नाहीत. पुढच्या पानावर हा नियम लिहिला आणि खाली सगळ्यांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले.

कर कोणावर किती लावायचा, माफी कोणाला द्यायची, नियम कसा बदलायचा, हिशेब कोणासमोर ठेवायचा, हे सगळं त्या पायरीवर होत होतं. विधानसभेत अर्थसंकल्पावर चर्चा होते तेव्हा प्रश्न हेच असतात. त्या बायकांनी मात्र स्वतःला कधी समिती म्हटलं नाही, आणि नगरपरिषदेच्या दफ्तरात त्यांचा कुठे उल्लेख नाही. त्या वहीतला ठराव घेऊन कोणी मुख्याधिकाऱ्यांकडे गेलं असतं, तर त्याला कागदाच्या तुकड्याइतकीही किंमत मिळाली नसती. मला या विषयावर लिहावंसं वाटतं ते एवढ्यासाठी.

घटनेतली फट

१९९२ मध्ये संसदेने दोन घटनादुरुस्त्या केल्या. ७३ वी गावांसाठी, ७४ वी शहरांसाठी. दोन्ही १९९३ मध्ये अंमलात आल्या. दोन्हींचा हेतू एकच सांगितला जातो: सत्ता खालपर्यंत न्यावी. पण दोन्हींची रचना वेगळी आहे. ७३ व्या दुरुस्तीत ग्रामसभेची व्याख्याच आहे: मतदारयादीत नाव असलेला गावातला प्रत्येक माणूस तिचा सदस्य. कोणी निवडून द्यावं लागत नाही, कोणी नेमावं लागत नाही.

शहरांच्या दुरुस्तीत असं काही नाही. तिथे प्रभाग समिती आहे, आणि तीही तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांपुरती बंधनकारक. शिवाय ती नागरिकांची सभा नसते. त्या भागातून निवडून आलेले नगरसेवक हा तिचा कणा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या ७६ हजारांच्या आसपास होती, चिपळूणची ५५ हजार, मालवणची १९ हजारांहून कमी, वेंगुर्ल्याची साधारण १२ हजार. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत एकही महापालिका नाही. म्हणजे दक्षिण कोकणातल्या एकाही शहराला प्रभाग समितीची घटनात्मक सक्ती लागू होत नाही. पनवेलला २०१६ मध्ये महापालिका झाली, ठाणे-मुंबईला पूर्वीपासून आहे. तिथली गोष्ट निराळी.

ही फट बुजवायचा एक प्रयत्न झाला. केंद्राच्या शहर नूतनीकरण अभियानाचा पैसा हवा असेल तर राज्यांनी नागरिकांच्या सहभागाचा कायदा करावा, अशी अट होती. त्यातून महाराष्ट्रात २००९ मध्ये नागरी कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद आली. कल्पना चांगली होती: एक किंवा अधिक मतदानकेंद्रांच्या टापूएवढ्या भागातल्या सगळ्या मतदारांची सभा, जवळजवळ ग्रामसभेसारखी. प्रत्यक्षात क्षेत्रसभा हा शब्दच बहुतेक नागरिकांनी ऐकलेला नाही. निधीची अट पूर्ण झाली, कागद पूर्ण झाला, सभा भरल्या नाहीत. याला मी फसवणूक म्हणेन, कारण कायदा करताना लोकांना काहीतरी दिल्याचा आव आणला गेला.

मोजणीतच नसलेली वस्ती

कोकणातल्या वस्त्यांची आणखी एक अडचण आहे, आणि मुंबईत बसून धोरण आखणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. २०११ च्या जनगणनेने झोपडपट्टीची जी व्याख्या वापरली, तीत किमान ३०० लोकवस्ती किंवा साधारण ६० ते ७० घरं एका ठिकाणी दाटीने असायला हवीत. धारावी किंवा मानखुर्दच्या मानाने हा आकडा काहीच नाही. पण कोकणातली शहरं डोंगर, खाडी आणि व्हाळांनी चिरलेली आहेत. इथे वस्ती तुकड्यातुकड्यांनी वसते. बंदरामागे पंचवीस घरं, व्हाळाच्या काठाने पंधरा, पाखाडीच्या (पायऱ्यांच्या वाटेच्या) टोकाला दहा, रेल्वेच्या जागेलगत आणखी काही. प्रत्येक तुकडा त्या व्याख्येखाली बसायला लहान. म्हणून शहरात झोपडपट्टी फारशी नाही असं चित्र कागदावर तयार होतं, आणि झोपडपट्टी सुधारणेचा पैसा मागायला आधारच राहत नाही.

१९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्यात अशी संख्येची अट नाही. राहण्यास अयोग्य, अस्वच्छ, दाटीचा भाग असेल तर सक्षम प्राधिकारी तो घोषित करू शकतो, आणि घोषित झाल्यावर रहिवाशांना परस्पर हुसकावून लावता येत नाही. पण घोषित करा म्हणून मागे लागणारं कोणीतरी हवं. ते काम वस्तीच करू शकते, आणि त्यासाठी वस्तीला आधी स्वतःची यादी लागते.

इथे मुंबईचा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फूटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात निकाल दिला. ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका’ या नावाने तो ओळखला जातो. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, हे न्यायालयाने मान्य केलं. पण नोटीस देऊन, ऐकून घेऊन अतिक्रमण हटवायला पालिकेला मुभाही दिली. भायखळ्याच्या फूटपाथवरच्या लोकांवर कारवाईची टांगती तलवार आली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या स्पार्क या संस्थेने तेव्हा त्यांच्यासोबत पदपथवासीयांची गणना केली: कोण आहे, कुठून आलं, किती वर्षं राहतं, काय काम करतं. १९८६ मध्ये त्याच वस्त्यांतल्या बायकांची महिला मिलन ही संघटना उभी राहिली. रोजची छोटी बचत आणि स्वतःची गणना ही त्यांची दोन हत्यारं. जॉकिन अर्पुथम यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ त्यांच्यासोबत आला. सरकारी यादी येण्याआधी आपली यादी तयार असली की अधिकारी टेबलापलीकडून वेगळ्या स्वरात बोलतो, हे त्या बायकांनी करून दाखवलं.

कोकणाला याचा धडा पुरांनी दिला. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शहरभर भरलं. महाडातही तेच. पुरानंतर पंचनामे होतात, आणि पंचनाम्यात नाव येण्यासाठी त्या जागी राहत होतात याचा पुरावा लागतो. ज्याचं रेशनकार्ड, आधार, वीजबिल सगळं चिखलात गेलं, त्याने काय दाखवायचं? भाडेकरूंचे हाल आणखी वाईट, कारण मालकाच्या नावावर पंचनामा होतो आणि भांडीकुंडी मात्र भाडेकरूची वाहून गेलेली असतात. वस्तीची स्वतःची यादी, कागदांचे फोटो आणि दोन-तीन ठिकाणी ठेवलेल्या प्रती असत्या, तर अनेकांची रखडपट्टी टळली असती. जमिनीच्या बाबतीतही तेच. नागरी भागात शासकीय जमिनीवर १ जानेवारी २०११ पूर्वी झालेली निवासी अतिक्रमणं अटींवर नियमानुकूल करण्याचं धोरण राज्याने २०१८ मध्ये आणलं. २०११ पूर्वी राहत होतो हे दाखवायचं कशाने? जुनी मतदारयादी, जुनं वीजबिल, घरपट्टीची पावती. असेसमेंटला, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीला, नाव लागलं म्हणजे जागा आपली झाली, असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. घरपट्टी भरल्याने मालकी मिळत नाही. पण तुम्ही तिथे कधीपासून राहता याचा तो चांगला पुरावा आहे.

जमीन कोणाची, यावर सगळं अडतं

किनाऱ्यावरच्या वस्तीत कोणतंही काम मागितलं की पहिलं उत्तर ठरलेलं: ‘जागा आमची नाही.’ आणि ते खरंही असतं. एकाच वस्तीखाली थोडी जमीन महसूल खात्याची, थोडी मेरीटाईम बोर्डाची, थोडी मत्स्यव्यवसाय खात्याची, कडेची रेल्वेची किंवा एमआयडीसीची, आणि मध्येच एखादा खासगी सातबारा असू शकतो. वर १९९१ पासून सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणारे नियम, जे २०११ आणि २०१९ मध्ये बदलले. संडास बांधायचा तर तीन-चार खात्यांच्या दारात जावं लागतं.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या १८ विषयांत झोपडपट्टी सुधारणा हा स्वतंत्र विषय आहे, आणि त्यात जमिनीच्या मालकीची अट घातलेली नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की घर अनधिकृत आहे एवढ्या कारणाने माणसाचं पिण्याचं पाणी तोडता येत नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पुरवठ्याची पद्धत वेगळी ठेवता येईल, दर जास्त लावता येईल, आणि नळ मिळाला म्हणून बांधकाम कायदेशीर होणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. निकाल मुंबईपुरत्या प्रकरणात आला असला तरी त्यामागचं तत्त्व मालवण-राजापुरातल्या माणसालाही लागू आहे. ‘जागा आमची नाही’ हे उत्तर मिळालं की हा निकाल पुढे करावा.

सगळं सरकारनेच करावं असंही नाही, आणि सगळं लोकांनी करावं असं तर मुळीच नाही. कराचीच्या ओरंगी भागात अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने ही वाटणी फार स्वच्छ केली होती. तिथे वीस ते चाळीस घरांची एक गल्ली हे एकक धरलं. गल्लीने आपला प्रमुख निवडायचा, पैसे गोळा करायचे, आणि घरातला संडास व गल्लीतली सांडपाण्याची नळी स्वतः टाकायची. मुख्य नाले आणि शुद्धीकरण मात्र सरकारचं काम. आतलं आम्ही, बाहेरचं तुम्ही. आपल्याकडे उलटं होतं. नगरसेवक निधीतून गल्लीतल्या लाद्या बसतात, कारण त्यांवर फलक लावता येतो, आणि जिथे सगळं सांडपाणी जातं तो व्हाळ तसाच राहतो. वस्तीने शंभर वेळा व्हाळ उपसला तरी खाली रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीचा व्यास लहान असेल तर पाणी मागे फिरणारच. ती मोरी बांधकाम खात्यानेच मोठी करायला हवी. कुठली गोष्ट आपल्या हातातली आणि कुठली मागून घ्यायची, हे वस्तीच्या सभेत पहिल्यांदा ठरावं.

कारभार आपला, पण कोणाचा?

कोकणी माणसाला स्वतःचा कारभार नवा नाही. वाडीची बैठक, गावकी, मोहल्ल्याची जमात, कोळीवाड्याचे पंच, मुंबईकर मंडळ. होळी कधी, पालखी कुठून, विहिरीचा गाळ कोण काढणार, पट्टी किती, हे शेकडो वर्षं असंच ठरत आलं आहे. शहरातल्या वस्तीत राहायला आलेला माणूस ही सवय बरोबर घेऊन येतो. नवी वस्ती काही वर्षांत उभं राहून बोलू लागते ती त्या सवयीमुळे. मला तिचा अभिमान वाटतो.

पण या परंपरेची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. ज्या बैठकीने विहीर उपसली तिनेच माणसं वाळीतही टाकली. रायगड जिल्ह्यातून सामाजिक बहिष्काराच्या इतक्या तक्रारी आल्या की महाराष्ट्राला २०१६ मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जातीबाहेर लग्न केलं, गावकीला विचारलं नाही, पंचांना हिशेब मागितला, अशी कारणं या प्रकरणांत दिसतात. हिशेब मागितला म्हणून वाळीत! स्वयंशासन आणि लोकशाही यांतलं अंतर याहून स्पष्ट मला सांगता येणार नाही.

हे अंतर महाडने आधीच दाखवलं आहे. मुंबई प्रांताच्या विधिमंडळात १९२३ मध्ये विधिमंडळाचे सदस्य सीताराम केशव बोले यांचा ठराव आला: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केल्याचा ठराव केला. तळं प्रत्यक्षात बंदच राहिलं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोकांनी जाऊन पाणी घेतलं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. निवडून आलेली संस्था होती, रीतसर ठराव होता, बहुमत होतं. बहुमताने पाणी दिलं आणि बहुमताने काढून घेतलं. म्हणून वस्तीच्या समितीला कितीही अधिकार द्या, कोणाचं पाणी तोडायचा अधिकार तिला असता कामा नये. काही गोष्टी सभेच्या मतावर सोडायच्या नसतात.

आजच्या वस्तीत बाहेर ठेवला जाणारा माणूस बहुतेक वेळा भाडेकरू असतो. बोटींवरचे खलाशी, चिरेखाणीवरची कुटुंबं, बांधकामावरचे मजूर, बागा राखणारे नेपाळी. यांतल्या अनेकांचं मत त्यांच्या मूळ गावी आहे, त्यामुळे नगरसेवकाला त्यांची गरज नाही; आणि ते जुने रहिवासी नाहीत, म्हणून समितीलाही नाही. वर ज्या वहीबद्दल लिहिलं, तिथल्या बायकांनी खलाशांच्या पाण्याचा प्रश्न बराच न्यायाने सोडवला. तरी त्या पायरीवर एकही खलाशी बसलेला नव्हता, हे माझ्या मनातून जात नाही. त्यांच्याबद्दल ठरलं, त्यांना विचारून ठरलं नाही. वस्तीचा सदस्य कोण, याचं माझ्या मते एकच उत्तर आहे: तिथे राहतो तो. घर कोणाच्या नावावर आहे, मत कुठे आहे, भाषा कोणती, यांचा संबंध नसावा. ओडिशाने २०१७ मध्ये शहरी झोपडपट्टीवासीयांना जमिनीचे हक्क देणारा कायदा केला आणि वस्तीवस्तीत रहिवाशांच्या संघटना बांधून त्यांच्याकडे कामं सोपवली. महाराष्ट्राने तो प्रयोग नीट अभ्यासायला हवा.

बायकांचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटतो, कारण त्यांची बांधणी आधीच झालेली आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली २०१३ नंतर शहरांत दहा ते वीस बायकांचे बचत गट झाले, गटांचा वस्तीस्तर संघ आणि त्यांचा शहरस्तर संघ झाला. केरळच्या कुडुंबश्रीने १९९८ पासून अशीच तीन मजली रचना उभी केली, आणि तिथे ती पंचायत-नगरपालिकेच्या नियोजनाशी जोडलेली आहे. आपल्याकडे गटांना कर्ज, पापड आणि मेळावे यांच्यापलीकडे फारसं नेलं गेलं नाही. पण गटाच्या बैठकीला इतिवृत्त आहे, हजेरी आहे, बँकखातं आहे, पदाधिकारी बदलायची सवय आहे. वस्तीच्या सभेला लागणारं सगळं सामान तिथे तयार आहे. त्यात पुरुषांना यायचं असेल तर जून-जुलैत, मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांत ते किनाऱ्यावरच असतात.

नोंदणीबद्दल विचारलं जातं म्हणून सांगतो. किमान सात जण एकत्र येऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली मंडळ नोंदवू शकतात. महाराष्ट्रात ते सार्वजनिक न्यास म्हणूनही धर्मादाय कार्यालयात नोंदलं जातं. मग बँकखातं उघडता येतं, पत्राला नोंदणी क्रमांक येतो. दर वर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात आणि कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज करावा लागतो. तो केला नाही की दहा वर्षांपूर्वीचा अध्यक्षच कागदावर अध्यक्ष राहतो, आणि पुढच्या भांडणांचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. नोंदणीने जमिनीवर हक्क येत नाही. नोंदणी नसली तरी सभा घ्यायला, ठराव लिहायला, सह्या करायला कोणाची परवानगी लागत नाही.

या वर्षी काय करता येईल

ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून नागरिक भागाभागांत सभा घेऊन पालिकेच्या कामांचा क्रम ठरवू लागले, आणि गरीब वस्त्यांकडे पाणी-गटारांचा पैसा वळला. आपल्याकडे कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. नगरपरिषदेने मनावर घेतलं तर प्रत्येक प्रभागात वर्षातून दोन सभा घेण्याचा ठराव ती उद्याही करू शकते. त्याला कोणताही कायदा आड येत नाही. डिसेंबर २०२५ नंतर नगरसेवक पुन्हा आले आहेत. मत मागायला आलेल्या प्रत्येकाकडे आता हे मागितलं पाहिजे, आणि क्षेत्रसभेची २००९ ची तरतूद प्रत्यक्षात आणा असं आमदारांकडे मागितलं पाहिजे.

नगरपरिषदेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीअखेर मंजूर होतो. मार्चमध्ये निवेदन घेऊन गेलेल्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच ऐकावं लागतं. म्हणून वस्तीची सभा डिसेंबर-जानेवारीत भरवावी. भाडेकरूंना मुद्दाम बोलवावं, आणि त्यांना समजेल त्या भाषेत मुद्दे सांगावेत. मागण्या दोन-तीनच ठेवाव्यात, त्याही नेमक्या: अमुक व्हाळावरची मोरी, अमुक ठिकाणी सामायिक नळ, अमुक पाखाडीवर दिवे. काम आतलं की बाहेरचं, जमीन कोणाची, हे शक्य तितकं शोधून ठरावातच लिहावं. महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी पालिकेने राखून ठेवायचा निधी असतो. वस्तीत अपंग कोण, एकट्या बायका किती, हे यादीत असेल तर तो नेमकेपणाने मागता येतो. ठरावाच्या दोन प्रती काढाव्यात, एक मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख, क्रमांक घालून पोच घ्यावी. नुसतं साहेबांच्या हातात देऊन परत येऊ नये.

एप्रिलमध्ये मंजूर अर्थसंकल्पाची प्रत आणि आपल्या ठरावावर काय कार्यवाही झाली याची माहिती, माहितीच्या अधिकारात मागावी. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं. म्हणजे उत्तर मे महिन्यात, आगोटीच्या आधी हातात पडतं, आणि मोरी या पावसाळ्याआधी होणार की नाही हे वस्तीला वेळेत कळतं. नसेल होणार, तर खालच्या घरांतली म्हातारी माणसं, लहान मुलं आणि सगळ्यांचे कागद पाणी चढण्याआधी कोणाच्या घरी हलवायचे, हे त्याच सभेत नावानिशी ठरवून वहीत लिहून ठेवावं.